भिंतीवरची मंदा

अंबरनाथच्या बुवापाड्यात मंदा दोन ठिकाणी राहायची. एक आमच्या गल्लीत, भावाच्या दोन खोल्यांत. दुसरी रस्त्याकडेच्या लांबलचक भिंतीवर, हिरवी साडी नेसून, उजवा हात दाराकडे करून. भिंतीवरची मंदा गोरी होती, तिचं नाक सरळ होतं आणि ती बारा महिने रागावलेली असायची. आमची मंदा सावळी, नाकानं जरा बसकी, आणि राग आला की भांडी घासायला बसणारी. लोकांच्या जास्त ओळखीची भिंतीवरचीच. खरीला रस्त्यात बघून कुणीतरी म्हणायचं, "तुम्ही अगदी त्या साबणवालीसारख्या दिसता हो." मंदा म्हणायची, "हो, चुलत बहीण लागते माझी." आणि पुढे चालू पडायची.

आम्ही दोघी आनंदनगरच्या एका साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक शेड. मालक उल्हासनगरचे सिंधी, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. साबणाचं नाव चांदवा. धुण्याची पिवळी वडी. फेस बेताचा आणि सोडा दणदणीत, त्यामुळे आमच्या बोटांची सालं निघायची. मंदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या समोर. वडीला कागद गुंडाळताना जीभ दातांत धरायची सवय होती तिला. मी चिडवायचे, "आत घे ती, पॅक होईल." हसायची, आणि दोन मिनिटांनी जीभ परत बाहेर.

तर झालं असं की सत्त्याऐंशी साली मंदाचं लग्न ठरत होतं. मुलगा विलास, अंबरनाथच्याच एका कंपनीत फिटर. आईबाप नव्हते, काकानं वाढवलेला. बघणं झालं होतं, पसंती झाली होती, दोघं एकदा विहारात वंदनेला आणि एकदा बाजारात असं मुद्दाम योगायोगानं भेटलेही होते. त्या रविवारी सुपारी फुटायची होती. मी पोहे करायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. काका, आणखी दोन मोठी माणसं आणि विलास असे बाहेरच्या खोलीत. पोहे झाले, चहा झाला. काकानं मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आपण विहारात जाणारी माणसं. हुंडा हा शब्द आपल्यात नाही. पण पोराची कंपनी लांब पडते. एखादी स्कूटर असली म्हणजे तुमचीच मुलगी मागं बसून फिरेल."

मंदाचा भाऊ, सुदामदादा, मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, "बघतो. सोसायटीतून कर्ज काढतो." हे ऐकलं आणि मंदा आतून बाहेर आली. हातात ओटा पुसायचं फडकं होतं. अजिबात ओरडली नाही. म्हणाली, "चहा झाला ना सगळ्यांचा? मग उठा." आणि फडक्यासकट हात दाराकडे केला.

उठले. काय करतील? काका बडबडत उठला, ती दोघं उठली, विलासही उठला. चपला घातल्या आणि गेले. मंदानं कपबश्या गोळा केल्या, मोरीत नेल्या आणि घासत बसली, बराच वेळ. मी विसळून घेत होते. एक बशी तिनं तीनदा घासली, मी ती तीनदा विसळली.

दुसऱ्या दिवशी शेठच्या कानावर गेलं. अशा गोष्टी त्यांच्या कानावर बरोब्बर जायच्या. पंधरा मिनिटं उशिरा आलं तर शेठ दारात उभे, आणि आमचे हात सोलवटले ते मात्र कधी दिसायचं नाही. ते मंदासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बेटी, तूने तो कमाल कर दिया. ये बात पूरे इंडिया को मालूम पडनी चाहिए." पूरा इंडिया म्हणजे उल्हासनगर ते बदलापूर, तिथंपर्यंतच आमचा माल जायचा.

उल्हासनगरच्या एका स्टुडिओत फोटो काढला. साडी शेठच्या सुनेची, हिरवी. हात पुढे करायला लावला, फडकं काढून घेतलं. मंदाला वाटलं एकदा कागदावर छापतील, महिनाभर चालेल, संपेल. कागदावर तर छापलंच, पण पेंटर लावून भिंती रंगवल्या. उल्हासनगरात, अंबरनाथला, बदलापुरात, जिथं रिकामी भिंत दिसेल तिथं मंदा. बाजूला मोठ्या अक्षरांत: डाग असो की हुंडा, दार दाखवा. चांदवा साबण. पुढे तर साच्यातच हात कोरून घेतला, म्हणजे प्रत्येक वडीवर मंदाचा हात उठायला लागला.

पेंटर मोठा नमुना होता. त्यानं आमच्या पाड्यातली भिंत रंगवली, तिच्यात मंदाच्या गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. शेठ कपाळावर हात मारत आले. "अरे, लडकी की शादी नहीं हुई, वही तो बात है." पेंटर म्हणाला, "शेठ, आजवर साबणाच्या जेवढ्या बाया काढल्या त्यांच्या गळ्यात असतंच. हात आपोआप गेला." मग त्यानं ते खरवडून वर रंग मारला. पण काळं ते काळंच, गळ्याभोवती एक मळकट रेघ राहिली ती राहिली. पाड्यातल्या म्हाताऱ्या भिंतीसमोर उभ्या राहून हळहळायच्या, "टाकली असंल गं नवऱ्यानं." घरी येऊन मंदाच्या वहिनीला विचारायच्या. वहिनी बिचारी किती जणींना समजावणार?

पहिले दोन-तीन महिने मात्र माल असा उठला की विचारू नका. बायका दुकानात चांदवा म्हणायच्याच नाहीत. "ती उठाबाईची वडी द्या," म्हणायच्या. एका महिला मंडळानं खोकी मागवली. कॉलेजातल्या पोरी कागद कापून वहीत ठेवायच्या. पॅकिंगला नव्या बायका घेतल्या, एका टेबलाची चार टेबलं झाली, आणि त्यातल्या कित्येकींच्या घरी पहिल्यांदा बाईचा पगार आला. हेही खरं आहे, ते मी नाकारणार नाही.

पण दुसरीकडे वेगळंच चाललेलं. उल्हासनगरात एका सासूनं सुनेनं आणलेल्या वड्या गटारात टाकल्या. बदलापुरात शाळेच्या कार्यक्रमात एक निवृत्त मास्तर उभे राहिले आणि शेठला म्हणाले, "पोरीचं दुःख काय साबणाला लावायची चीज आहे?" एका संघटनेची बाई कारखान्यात आली. तिनं सगळं नीट बघितलं आणि शेठला विचारलं, "भिंतीवर स्त्रीचा सन्मान लिहिलाय, मग इथल्या स्त्रियांना हातमोजे कुठे आहेत?" हातमोजे आले. फाटले. परत काही आले नाहीत.

सगळ्यात मजा बदलापुरातल्या बेलवलीच्या वाण्यानं सांगितली. त्याच्या गिऱ्हाइकांत ज्यांच्या घरी लग्नाचा मुलगा ते चांदवाला हात लावायचे नाहीत, ते ठीकच. पण ज्यांच्या घरी मुलगी ते वर्षभर अभिमानानं चांदवा न्यायचे, आणि मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आदल्या दिवशी दुसऱ्या कंपनीची वडी मागायला यायचे. पाहुणे आले की पाय धुवायला मोरीत जाणार, आणि मोरीत काय, तर हात दाराकडे केलेली वडी. मला पटेना. मग माझ्याच मावशीकडे मुलगी बघायला येणार होते तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. मावशीनं अर्धी झिजलेली चांदवा फडक्यात गुंडाळून गव्हाच्या डब्यामागे सारली. "पाहुणे गेले की काढते," म्हणाली. मी कारखान्यात हे सांगितलं तर सगळ्या पोट धरून हसल्या. मंदाही हसली. मग म्हणाली, "गव्हाच्या डब्यामागं होय?" आणि कागद गुंडाळायला लागली.

शेठनं तिला सुपरवायझर केलं. खुर्ची दिली. आणि कार्यक्रम सुरू झाले. आज हळदीकुंकू, उद्या शाळा, परवा जयंतीचं व्यासपीठ. ती हिरवी साडी आता तिचीच झाली होती. तिनं उभं राहायचं, तीन वाक्यं बोलायची आणि शेवटी हात करून "उठा" म्हणायचं, की टाळ्या. टाळ्या संपल्या की शेठचा माणूस बाहेर टेबलावर वड्या मांडून बसलेला असायचा.

हळूहळू मंदाला काही खोडी लागल्या. उजवा हात कायम पदराखाली. कारण रस्त्यात पोरं ओरडायची, "ताई, हात करा ना." आणि घरात 'उठा' किंवा 'ऊठ' हा शब्द तिनं पार बंद केला. भाची रेखा तेव्हा आठ-नऊ वर्षांची. तिला शाळेसाठी उठवायचं तर ही तिच्या तळपायाला गुदगुल्या करायची. आणि कशालाही विचारलं, मंदे सिनेमाला येतेस का, बांगड्या भरायला येतेस का, की एकच उत्तर: "भिंतीला विचारून सांगते." आम्ही हसायचो. तिनं खरंच बांगड्या भरणं सोडलं होतं, कारण एकदा लाल भरल्या तर दुकानात एक बाई म्हणाली होती, "अय्या, तुमच्या तर हिरव्या असतात ना?"

स्थळं? यायची की. पण कसली यायची. एकजण भाषण करून गेला, आपण दोघं मिळून समाजाला आदर्श घालून देऊ म्हणाला. मंदा आत येऊन मला म्हणाली, "याला मी नकोय, याला भिंत पाहिजे." साधी सरळ माणसं बाहेरच्या बाहेर जायची. उठवणारी बाई कोण घरात आणतंय?

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी गेटवर आली. बदलापूरची, विशीतली. मंदाला बघून तिचा चेहरा उजळला. तिच्या घरी बोलणी चालली होती, त्यांनी मागणी केली, तर हिनं भिंतीवरच्यासारखा हात केला आणि 'उठा' म्हणाली. तेव्हापासून वडील बोलत नाहीत, आई रडते, धाकटीचं स्थळ मोडलं.

"ताई," तिनं विचारलं, "तुम्ही 'उठा' म्हणालात, त्याच्यानंतर काय केलं?"

मंदानं डब्याचं झाकण उघडलं. मग म्हणाली, "भांडी घासली."

"मग?"

"मग सोमवार होता. कामावर आले."

मुलीला वाटलं ताई चेष्टा करतायत. मंदानं तिला आपल्या डब्यातली भाकरी दिली, पाठीवरून हात फिरवला, बसस्टॉपपर्यंत सोडून आली. परत येताना मला म्हणाली, "शाले, त्यांनी भिंतीवर पुढचं काही लिहायलाच पाहिजे होतं गं." मला तिचा इतका राग आला, तिचा नाही, सगळ्याचाच, की मी त्या दिवशी हातातल्या वड्या खोक्यात अक्षरशः आपटत होते.

आणि मग विलास आला. दोन-अडीच वर्षं झाली असतील. संध्याकाळी सुटताना गेटच्या बाहेर उभा. वाळला होता. मी बाजूला व्हायला लागले तर मंदानं माझा हात धरला, "थांब गं."

तो म्हणाला, काकाचं घर सोडलं. खोली घेतली. काही नको, नेसत्या साडीवर ये. आणि मग म्हणाला, "पण कंपनीत मला उठा म्हणतात. डबा खायला बसलो की कुणीतरी मागून म्हणतो, उठा विलासराव. रोज. लग्न झाल्यावर तर विचारायलाच नको. तू एवढं कर. ती भिंत पुसायला सांग. मग मी येतो."

त्या संध्याकाळी घरी जाताना मंदानं मला पहिल्यांदा सांगितलं. "मी काकाला उठा म्हटलं होतं गं. मला वाटलं, विलास बसून राहील."

ती पुढे म्हणाली, "फोटोला हो म्हणाले तेही म्हणूनच. वाटलं, रोज कामावर जाताना बघेल, लाज वाटेल, परत येईल. आला बघ. आणि आता भिंतच मधे."

दुसऱ्या दिवशी ती शेठच्या केबिनमध्ये गेली. मी दाराशी खोकी लावायच्या निमित्तानं उभी राहिले. शेठ काही वाईट वागले नाहीत, उलट खूष झाले. "अरे वाह, वही लडका? फिर तो नया फोटो बनाते हैं. दोनों साथ में. सुधर गया, ऐसा लिखेंगे. शादी का खर्चा कंपनी का." मंदा म्हणाली, "नहीं शेठ. भिंत पुसायची." शेठनं उठून केबिनची खिडकी उघडली. समोर चार टेबलं, सगळ्या बायका खाली मान घालून कागद गुंडाळतायत. शेठ हळू आवाजात म्हणाले, "ये सब तेरे हाथ पे बैठी हैं, बेटी. तू बोल, किस किस को घर भेजूँ?"

मंदा बाहेर आली. टेबलाशी येऊन आमच्यात बसली, खुर्चीवर नाही. तिच्या शेजारी नवी लागलेली पोर होती, नवरा दारूडा, पदरात दोन मुलं. मंदा तिच्याकडे बघत राहिली. तिनं विचारलं, "काय झालं ताई?" मंदा म्हणाली, "काही नाही. कागद सरळ धर."

विलासला तिनं गेटवरच सांगितलं. काय ते मी ऐकलं नाही, मी लांब उभी होते. तो नाशिकला गेला, तिकडेच लग्न केलं असं कानावर आलं. मला त्याची कीवही यायची आणि रागही यायचा. अरे बाबा, पुसल्यावर येतो काय म्हणतोस, येऊन पूस ना. पण हे मी तेव्हा बोलले नाही आणि आता बोलून कोण ऐकतंय?

पुढे टीव्हीवर मोठ्या कंपन्यांच्या पावडरी आल्या. त्यांच्या बायका हसायच्या, त्यांच्या घरात उन्हं यायची, हुंड्याबिंड्याचं नावच नाही. लोकांना तेच बरं वाटलं. चांदवा आधी अर्ध्यावर आली आणि शहाण्णवच्या आसपास कारखान्याला कुलूप लागलं. म्हणजे ज्यांच्यासाठी मंदानं भिंत ठेवली त्या घरी गेल्याच. आणि भिंत? ती काही कंपनीची नव्हती, पुसायला कुणी मालकच राहिला नाही. पावसानं शेवाळ चढायचं, उन्हात सुकायचं, पण ऑइलपेंट चांगला होता. त्याच्यावर खर्च केलेला शेठनं.

सुदामदादानं पाड्यातली जागा विकून बेलवलीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मंदा त्यांच्याबरोबर गेली. एका पाळणाघरात कामाला लागली. भेटी कमी झाल्या. मग एकदा वहिनीचा निरोप आला, रेखाला बघायला येतायत, पोहे करायला ये. मुलगा रेखाच्या बरोबर क्लासला होता, दोघांचं ठरलंच होतं म्हणायचं. आता मोठी माणसं येणार.

मी गेले तर मंदा दिसेना. वहिनी कांदा चिरत होती, वर न बघताच म्हणाली, "मागं आहेत. पाहुणे उल्हासनगरचे आहेत, ओळखतील. मी नाही हो म्हणाले, त्या स्वतःच म्हणाल्या."

स्वयंपाकघराच्या टोकाला मोरी, तिथं पाटावर मंदा बसली होती. केस पांढरे झालेले, हात पदराखाली. साडी फिक्या रंगाची, अगदी नवी. म्हणजे तयार झाली होती बिचारी. "ये शाले," म्हणाली. "मीठ बेतानं घाल, मागल्या वेळी खारट झाले होते." मागली वेळ म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीची. मला हसू आलं.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, मामा. मधे पडदा, मी पडद्याच्या कडेला. पोहे गेले, चहा गेला. आणि मामा सुरू झाला. "आम्हाला काही नको. जमाना बदललाय. फक्त दोघांना राहायला जागा घ्यायची, तर डिपॉझिटला तुमच्याकडून थोडा हातभार. शेवटी मुलगी तुमचीच राहणार त्यात." सुदामदादाची मान खाली गेली. मला वाटलं, तीच सतरंजी, तोच दोरा. तो म्हणाला, "बघतो."

रेखा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. "चहा झाला ना मामा?" ती म्हणाली. "मग उठा."

त्या घरात कित्येक वर्षं हा शब्द कुणी काढला नव्हता. मंदा पाटावरून कधी उठून माझ्याजवळ आली मला कळलं नाही, पण माझं मनगट तिनं गच्च धरलं होतं.

"मुलगा बघ," ती कुजबुजली. "मुलगा उठला का?"

मी पडदा बोटभर सरकवला. मामा उठला होता, काहीतरी बडबडत होता. आई पर्स घेऊन उभी. मुलगा खुर्चीत, मांडीवर पोह्यांची बशी, खाली बघत.

"बसलाय," मी म्हणाले.

"नीट बघ."

"बसलाय गं. मामा दारातून हाक मारतोय. तरी बसलाय."

"अजून?"

"अजून बसलाय. पोहे खातोय."

तिनं माझं मनगट सोडलं. तोंडात पदर कोंबला आणि भिंतीला टेकली. बाहेर मामा चपला घालून बाहेर पडला. आई दारात घुटमळली, आत आली आणि परत बसली. मुलगा रेखाला म्हणाला, "पाणी देतेस?" वहिनी डोळे पुसत आत आली. "ताई, चला बाहेर. तुम्हीच बोला त्याच्याशी. तुमच्यामुळंच झालं हे."

मंदा मागे सरकली. "नको. मी बाहेर आले की याची जाहिरात होईल."

"असं काय बोलता?"

"नको वहिनी. त्यांचं त्यांना राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शाले, त्याचा चहा गार झाला असेल. दुसरा टाक. साखर जरा जास्त घाल." आणि फळीवरचा साखरेचा डबा तिनंच काढून दिला, उजव्या हातानं.

मी चहा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या हातात कप दिला. तो थँक्यू म्हणाला, आणि मी सहज मागे वळून बघितलं. पडद्याखाली मंदाची पावलं दिसत होती. उंबऱ्याला बोटं लावून, आतल्या बाजूला.